सेंट पीटर्सबर्ग: पाच रात्री, चार माणसं, एक दुखरा गुडघा

कर्वेरोडकर
जूनच्या शेवटच्या आठवड्यात सेंट पीटर्सबर्गला जायचं ठरतंय. शनिवारी संध्याकाळी पोचणार, गुरुवारी सकाळी परत मॉस्को. आम्ही दोघं आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालते पण जिने नकोत. आई-बाबा शाकाहारी, अंडंही नाही.

प्रश्न असे:
१. राहायचं कुठे? नदीपलीकडे हॉटेलं स्वस्त दिसतायत.
२. हर्मिटाज संग्रहालय, चर्च, कालव्यातली बोट, रात्री उघडणारे पूल, पीटरहोफची कारंजी, अंबर रूम (अंबरानं मढवलेली राजवाड्यातली खोली). पाच दिवसांत बसतं का? क्रम कसा लावू?
३. आपली कार्डं चालत नाहीत म्हणतात. मग पैसे कसे न्यायचे?
४. खायचं काय?

टूर कंपनीचा 'दोन दिवसांत पीटर्सबर्ग' छाप कार्यक्रम नकोय.

नेव्हाकाठी
क्रम लावायच्या आधी सुट्ट्यांचे वार लिहून काढा. या शहरात तिथेच गोची होते.

हर्मिटाज सोमवारी बंद. रशियन म्युझियम मंगळवारी बंद. सेंट आयझॅक्स कॅथेड्रल आणि 'स्पास ना क्रोवी' (ते रंगीबेरंगी कांद्यांसारख्या घुमटांचं चर्च) बुधवारी बंद. अंबर रूम ज्या कॅथरीन राजवाड्यात आहे तो मंगळवारी बंद, शिवाय महिन्याच्या शेवटच्या सोमवारीही. तुमचा सोमवार नेमका जूनचा शेवटचा असण्याची दाट शक्यता आहे. या जादा सुट्टीला तिथे 'सानितार्नी देन' म्हणतात, म्हणजे साफसफाईचा दिवस. बऱ्याच संग्रहालयांना महिन्यातून एकदा तो असतो आणि नेहमीच्या वेळापत्रकात बारीक अक्षरांत दडलेला असतो. तिकीट काढायच्या आधी त्या-त्या ठिकाणच्या अधिकृत साइटवर एकदा बघाच.

मी असा लावेन:
रविवार: स्पास ना क्रोवी, काझान कॅथेड्रल, कालवे, दुपारनंतर आयझॅक्स.
सोमवार: पीटरहोफ. तिथला मोठा राजवाडा सोमवारी बंद असतो, पण कारंज्यांची खालची बाग उघडी असते आणि जायचं ते बागेसाठीच.
मंगळवार: हर्मिटाज, दुसरं काही नाही.
बुधवार: कॅथरीन राजवाडा, संध्याकाळ मोकळी.

राहायचं नदीच्या दक्षिणेला. पलीकडे स्वस्त मिळतं, कबूल. पण नेव्हावरचे पूल एप्रिल ते नोव्हेंबर रोज रात्री जहाजांसाठी उचलतात. राजवाड्याजवळचा द्वोर्त्सोवी पूल साधारण सव्वाच्या सुमारास वर जातो, मध्ये थोडा वेळ खाली येतो आणि पुन्हा जातो तो पाचच्या आसपास कायमचा खाली येतो. मेट्रो मध्यरात्रीनंतर लवकरच बंद. म्हणजे पूल बघायला अलीकडे आलात आणि हॉटेल पलीकडच्या वासिल्येव्स्की बेटावर असेल तर पहाटेपर्यंत काठावर. नेव्हावरचा एकच मोठा पूल कधी उघडत नाही, तो रिंग रोडवरचा तारांचा. टॅक्सी लांबचा वळसा घालून नेते आणि भाडं त्याच हिशेबानं लावते.

नेव्स्की रस्ता साधारण साडेचार किलोमीटर आहे, स्वारगेटहून शिवाजीनगर गाठावं तेवढा. त्याचा अॅडमिरल्टीकडचा (जुन्या नौदल मुख्यालयाकडचा) अर्धा भाग, मोइका आणि फोंतान्का या दोन पाण्यांमधला, तुमच्यासाठी योग्य. तिथून तुमच्या यादीतलं पीटरहोफ आणि कॅथरीन सोडून सगळं पायी होतं. हॉटेलला लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्या. जुन्या इमारतींतली बरीच छोटी हॉटेलं तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतात आणि जिना दगडी, उंच पायऱ्यांचा असतो. आणि रशियात तळमजला हाच पहिला मजला. त्यांचा 'दुसरा' म्हणजे आपला पहिला. हर्मिटाजमध्येही हे लक्षात ठेवा.

पूल बघायला बोटीच हव्यात असं नाही. द्वोर्त्सोवी पुलाच्या पश्चिमेला, अॅडमिरल्टीच्या काठावर, साडेबारापर्यंत कठड्याशी जागा धरा. पुलाचे दोन पंख वर गेले की मधल्या फटीत पलीकडच्या किल्ल्याचा सोनेरी सुळका बरोबर उभा दिसतो. पूर्वेच्या बाजूला उभे राहिलात तर सुळका तुमच्या मागे. जूनअखेर सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि साडेतीननंतर उगवतो, मधला वेळ दाट संधिप्रकाश. त्यामुळे फोटोला दिवे लागलेला पूल आणि निळं आकाश दोन्ही मिळतं. पण खोलीला जाड पडदे नसतील तर झोपेची वाट, डोळ्यांच्या पट्ट्या न्या.

शनिवारी पोचताय म्हणून एक खबरदारी. शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी 'आलिये पारुसा' नावाचा लाल शिडांच्या जहाजाचा सोहळा जूनच्या उत्तरार्धात, बहुधा शनिवारी रात्री असतो. त्या रात्री राजवाड्याचा चौक आणि काठ बंद करतात, पुलांच्या वेळाही बदलतात. तारीख जुळत असेल तर पूल रविवारी रात्री बघा.

रोखठोक
पैशांचं. मार्च २०२२ पासून रशियाबाहेरच्या बँकांनी दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत. दुकानात नाही, एटीएमवर नाही, तिथल्या साइटवरही नाही. फॉरेक्स कार्डही त्याच जाळ्यावर चालतं, त्यामुळे तेही निरुपयोगी. रोख न्यायची.

इथे पुण्यात एक गंमत होते. फॉरेक्सवाला सांगतो, "नोटा तीन हजार डॉलरपर्यंतच, बाकीचं कार्डावर घ्या." बहुतेक देशांसाठी ते बरोबर आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत इराण, रशिया आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातले (सीआयएस) देश अपवाद आहेत, तिथे जाणाऱ्याला सगळं परकी चलन नोटांत घेता येतं. वाद न घालता रिझर्व्ह बँकेच्या साइटवरचा तो परिच्छेद छापून न्या. रशियात शिरताना माणशी दहा हजार डॉलरच्या वर असेल तर जाहीर करावं लागतं, तेवढं तुम्ही नेणार नाही.

नोटा कोऱ्या हव्यात. घडी, पेनाची खूण, शिक्का, कोपरा फाटलेला, यातलं काही असेल तर तिथली बँक नोट परत ढकलते किंवा कमी भाव देते. पाकिटात घालू नका, वहीच्या पुठ्ठ्यात ठेवा. विमानतळावर टॅक्सीपुरतेच बदला, बाकी शहरातल्या बँकेत. पासपोर्ट मागतात. रुपये नेऊ नका.

व्हिसा: भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, २०२३ च्या ऑगस्टपासून. रशियन परराष्ट्र खात्याच्या साइटवरच भरा, हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट जास्त पैसे घेतात. नाव पासपोर्टच्या खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळींत आहे तसंच. आडनावाचा रकाना रिकामा असलेले पासपोर्ट आपल्याकडे बरेच असतात, त्यात हमखास घोळ होतो. ई-व्हिसावर ठरावीक नाक्यांवरूनच आत-बाहेर करता येतं. मॉस्कोचे मोठे विमानतळ आणि पीटर्सबर्गचं पुल्कोवो त्यात आहेत. पोचल्याचा दिवस पूर्ण दिवस धरतात, मग रात्री अकराला उतरा की सकाळी. हॉटेल तुमची नोंदणी आपोआप करतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलात तर ते घरमालकाच्या गळ्यात पडतं आणि बरेच जण टाळाटाळ करतात. आई-बाबांसोबत हॉटेलच बरं.

मॉस्को ते पीटर्सबर्ग 'सप्सान' गाडी, ६५० किलोमीटर, चार तासांच्या आसपास. तिकिटं नव्वद दिवस आधी निघतात आणि भाव विमानासारखा चढत जातो. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत निदान पाच तास ठेवा. पासपोर्टच्या रांगेत दोन तास सहज जातात. कार्ड चालत नसल्यामुळे तिकीट भारतातून काढायचं तर एजंट लागेल, हॉटेलचंही तेच. बाहेरची मोठी हॉटेल-बुकिंग साइट तिथली हॉटेलं दाखवतच नाही.

मोबाइल: परदेशी माणसाला सिम घेताना आता बायोमेट्रिक नोंदणी वगैरे लागते, अर्धा दिवस जाऊ शकतो. शिवाय मोबाइल इंटरनेट मधूनमधून बंद ठेवतात आणि नकाशावरचा निळा ठिपका नदीत पोहताना दिसतो. यांडेक्स या रशियन कंपनीचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर. त्यांच्याच अॅपवरून टॅक्सी मागवता येते, पैसे रोख देता येतात. सुटे ठेवा.

कर्वेरोडकर
तीन हजारांचंच ऐकलं होतं, बरं झालं विचारलं. आता चर्चमध्ये आत जाण्यासारखं नक्की कुठलं? बाबा म्हणतात सगळी बाहेरून बघून पुरे. आणि हर्मिटाज आईला झेपेल का?

घुमटवेडा
बाबांना सांगा, स्पास ना क्रोवी बाहेरून बघून परत येणं म्हणजे पंगत मांडलेली बघून न जेवता उठणं. आत सात हजार चौरस मीटरहून जास्त मोझॅक आहे. भिंती, खांब, छत, सगळं काचेच्या नि दगडाच्या तुकड्यांचं. १ मार्च १८८१ ला (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) झार दुसरा अलेक्झांडर याच्यावर इथे बॉम्ब पडला. तो जिथे कोसळला तीच जागा वेदीच्या समोरच्या टोकाला छत्रीखाली राखलीय. कठड्यातून वाकून बघा, खाली त्या वेळच्या रस्त्याचे गोटे आणि कालव्याच्या जाळीचा तुकडा तसाच आहे. ती जागा भिंतींच्या आत घेता यावी म्हणून इमारत पाण्यात पुढे काढली, म्हणून तिथे ग्रिबोयेदोव कालवा अचानक अरुंद होतो. बाहेर पुलावर उभं राहून हे स्पष्ट दिसतं, पण कारण माहीत नसेल तर लक्षात येत नाही. काम १८८३ ते १९०७ चाललं. सोव्हिएत काळात इथे भाजीपाल्याचं गोदाम होतं. सकाळी उघडताच जा, अकरानंतर गटांची झुंबड.

काझान कॅथेड्रल फुकट, कारण ते चालतं देऊळ आहे. १८०१ ते १८११ मधलं, ९६ खांबांची अर्धगोल रांग नेव्स्कीकडे तोंड करून. गंमत अशी की ती दर्शनी बाजू नाहीच. वेदी पूर्वेला हवी म्हणून मुख्य दार पश्चिमेला गेलं आणि रस्ता पडला उत्तरेला, म्हणून वास्तुकार वोरोनिखिननं बगलेलाच दर्शनी केलं. आत नेपोलियनशी लढलेल्या कुतुझोवची कबर आहे. बायकांनी डोक्यावर रुमाल, पुरुषांनी टोपी काढायची, फोटो जपून. आईंची ओढणी चालेल.

सेंट आयझॅक्स: आत जा, वर जाऊ नका. म्हणजे आईंनी नको. १८१८ ते १८५८, चाळीस वर्षं लागली, उंची १०१.५ मीटर, घुमटावर शंभर किलोच्या आसपास सोनं. वरच्या खांबांच्या गच्चीचं तिकीट वेगळं, दोनशेच्या वर पायऱ्या, गोल जिना, उतरायचा वेगळा, मधे परत फिरता येत नाही. तुम्ही दोघं जा, आई-बाबा आत बसतील. आत वेदीसमोरचे हिरवे खांब मॅलाकाइटचे आणि निळे लॅपिसचे. बाहेर दरवाज्याचे खांब अखंड ग्रॅनाइटचे, एकेक ११४ टनांचा, त्यावर वेढ्याच्या काळातल्या तोफगोळ्यांचे खळगे मुद्दाम ठेवलेत. वेढा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहराला घातलेला, ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, ८७२ दिवस. खळग्यात हाताची मूठ बसते.

पाय उरलेच तर निकोल्स्की, निळं-पांढरं, क्र्युकोव कालव्याकाठी. तिथे पर्यटक कमी, दोन कालवे एकमेकांना छेदतात आणि पिकालोव पुलावरून आजूबाजूचे सात पूल मोजता येतात.

हर्मिटाज झेपेल, पण सगळं बघायचा हट्ट सोडा. मुख्य इमारत आणि समोरची 'जनरल स्टाफ'ची पिवळी इमारत यांची प्रवेशाची वेळ वेगवेगळी धरा. मुख्य इमारतीत सगळ्यात चांगलं आहे ते त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर. जॉर्डन जिना एकच चढायचा, पायऱ्या बुटक्या आणि रुंद आहेत, शिवाय अडचण असेल त्यांच्यासाठी लिफ्ट आणि चाकाची खुर्ची मागता येते. दारातच मागा, आत गेल्यावर शोधत बसाल.

दालनांचे क्रमांक लिहून घ्या: १८९ मॅलाकाइट, २०४ मोराचं घड्याळ, २१४ लिओनार्दोची दोन चित्रं, २२७ राफाएलच्या वेलबुट्टीचा लांब सज्जा, २५४ रेम्ब्रांट. त्याचा 'उधळ्या मुलाचं परतणं' तिथेच, त्यासमोर बसायला जागा मिळाली तर सोडू नका. बापाचे दोन हात बघा, एक रुंद, एक नाजूक. मुलाच्या डाव्या पायातली चप्पल गळून टाच उघडी पडलीय. यात तीन तास जातात. मातीसचं 'नृत्य' समोरच्या इमारतीत त्यांच्या चौथ्या मजल्यावर, तिथे लिफ्ट आहे. पिशव्या, छत्र्या, जाकिटं 'गार्देरोब'मध्ये जमा करावी लागतात. बिल्ला हरवलात तर परत मिळवताना घाम फुटतो.

नेव्हाकाठी
घुमटवेडांशी सहमत. एकच बदल: जनरल स्टाफ त्याच दिवशी नको, मंगळवारी मुख्य इमारतीनंतर आई थकलेली असेल. बुधवारी संध्याकाळी बघा, पण त्या वारची बंद व्हायची वेळ तपासून.

पीटरहोफला जायच्या दोन वाटा. राजवाड्याच्या काठावरून 'मितिओर' नावाची पाण्यावर उचलली जाणारी बोट, चाळीसेक मिनिटं, थेट बागेच्या धक्क्यावर. बोटीच्या तिकिटात बागेचं तिकीट नसतं, उतरल्यावर वेगळं. जोराचा वारा असेल तर ऐन वेळी फेरी रद्द. दुसरी वाट बाल्टिक स्टेशनवरून लोकलनं नोवी पीटरहोफ, तिथून बस. जाताना बोट, येताना लोकल हे बरं, कारण संध्याकाळी धक्क्यावर तासभराची रांग लागते.

तिथल्या स्टेशनांचं नाव गाडी कुठे जाते त्यावरून. पीटर्सबर्गचं 'मोस्कोव्स्की' म्हणजे मॉस्कोला जाणाऱ्या गाड्यांचं. मॉस्कोत त्याच गाडीसाठी 'लेनिनग्राद्स्की'ला जायचं. टॅक्सीवाल्याला उलट सांगितलंत तर गाडी गेली.

अकराच्या आत कारंज्यांच्या मुख्य पायऱ्यांसमोर उभे राहा, तेव्हा ती संगीतासह सुरू होतात. मधला सॅम्सन सिंहाचा जबडा फाडतोय, त्यातून वीसेक मीटर धार उडते. सिंह म्हणजे स्वीडन, पोल्ताव्हाच्या १७०९ च्या विजयाची आठवण. आता पुणेकरांसाठी: पंप एकही नाही. वीसेक किलोमीटरवरच्या रोप्शाच्या उंचवट्यावरच्या झऱ्यांचं पाणी कालव्यातून तळ्यांत आणि तिथून उतारानं नळ्यांत. पेशव्यांनी कात्रजचं पाणी शनिवारवाड्याच्या कारंज्यांपर्यंत उतारानंच आणलं होतं, तोच विचार. धक्क्यापासून कारंज्यांपर्यंत सपाट आहे. वरच्या सज्जावर जाणाऱ्या पायऱ्या आईंनी सोडल्या तरी काही बिघडत नाही.

कॅथरीन राजवाडा: वितेब्स्की स्टेशनवरून लोकल, अर्धा तास, त्सारस्कोये सेलो. रशियाची पहिली रेल्वे याच मार्गावर, १८३७. अंबर रूमचं मूळ काम जर्मनांनी १९४१ मध्ये उचकटून नेलं, त्यातलं बहुतेक कधी सापडलं नाही. आजचं २००३ मध्ये पूर्ण झालं. तिकिटावर वेळ असते. तिकिटाच्या खिडकीवर उन्हात तास घालवण्यापेक्षा हॉटेलवाल्याकडून आधी ऑनलाइन काढून त्याला रोख द्या.

कालव्यातली बोट दिवसा, मोइका-फोंतान्का-नेव्हा असा फेरा घेणारी, तासाभराची. धक्क्यावरच्या पायऱ्या उंच आणि ओल्या, कठडा बऱ्याचदा एकाच बाजूला. गुडघ्याला खरा त्रास इथे आहे, चर्चमध्ये नाही. दोन-तीन धक्के बघून कमी पायऱ्यांचा निवडा. पूल इतके बुटके आहेत की उघड्या बोटीत उभं राहू देत नाहीत. फोंतान्कावर एका पुलाजवळ, पाण्यालगत भिंतीच्या कंगोऱ्यावर, अकरा सेंटिमीटरचा कांस्याचा छोटा पक्षी बसलाय, 'चिझिक-पिझिक'. त्याच्या पायाशी नाणं टिकलं तर इच्छा पुरी होते म्हणे. नाणी घरंगळत पाण्यात जातात. पायाखालची जागा तळहाताएवढीही नाही.

भटभटजी
आयझॅक्ससमोर मोइकावर निळा पूल आहे, ९७ मीटर रुंद. लोक त्यावरून चालत जातात आणि चौक समजतात. बाजूला ग्रॅनाइटचा खांब आहे, त्यावर पुराच्या पातळ्यांच्या पट्ट्या. सगळ्यात मोठा पूर १८२४ चा, ४२१ सेंटिमीटर. आपल्याकडे खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, तिथे वारा समुद्राचं पाणी नदीत उलटं ढकलतो. २०११ पासून आखातावर धरण असल्यामुळे आता पूर येत नाही.

विषयांतर, पण पुण्यात सांगायलाच हवं: संस्कृतचा तो सात खंडांचा बोटलिंक-रोथ कोश इथल्याच अकादमीनं १८५५ ते १८७५ मध्ये छापला, म्हणून आपले पंडित त्याला 'पीटर्सबर्ग कोश' म्हणतात. अकादमीची इमारत विद्यापीठाच्या काठावर, नदीपलीकडे, द्वोर्त्सोवी पूल ओलांडून दहा मिनिटं.

मेट्रो: अॅडमिरल्तेइस्काया स्टेशन ८६ मीटर खोल. आपलं सिव्हिल कोर्टचं ३३ मीटर म्हणून आपण कौतुक करतो! सरकत्या जिन्यावर तीनेक मिनिटं उभं राहावं लागतं, पण चढ-उतार नाही, त्यामुळे गुडघ्याला त्रास नाही. उजवीकडे उभे राहा, डावी बाजू घाईवाल्यांची. 'पोदोरोझ्निक' कार्ड खिडकीवर रोखीत मिळतं.

पोटोबा
"बेझ म्यासा" (मांस नको) म्हटलंत की कोंबडी किंवा मासा येऊ शकतो, कारण तिथे ते 'म्यासा'त धरत नाहीत. म्हणून "बेझ म्यासा, बेझ कूरित्सी, बेझ रीबी, बेझ याइत्स". त्याहून सोपा शब्द 'पोस्त्नोये', म्हणजे उपवासाचं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासात मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही. उपवासाच्या दिवसांखेरीज सगळीकडे मिळत नाही, पण वाढणारीला अर्थ बरोबर कळतो.

'स्तोलोवाया' म्हणजे ताट घेऊन रांगेत जायची खाणावळ. समोर दिसतं त्याकडे बोट दाखवता येतं. आई-बाबांसाठी: ग्रेच्का (कुट्टूचा भात), उकडलेले बटाटे, विनेग्रेत (बीट, बटाटा, गाजर, खारवलेली काकडी, वर तेल). सावध: बीटचंच दुसरं थरांचं सॅलड 'शूबा' दिसतं जांभळं नि निरागस, खाली खारवलेला हेरिंग मासा असतो. बोर्श्च बहुतेक गोमांसाच्या पाण्यात. ऑलिव्ये सॅलडमध्ये सॉसेज आणि मेयॉनीज. ब्लिनी म्हणजे घावन, पण पिठात अंडं असतं.

एका जेवणाला जॉर्जियन हॉटेल शोधा: लोबियो (राजम्यासारखी उसळ), अक्रोडाच्या वाटणातली वांगी, गरम पाव. हाचापुरीत चीज आणि बऱ्याचदा वर अंडं, आधी सांगा. पीठ मळलेलं असेल त्यातलं अंडं काढता येत नाही, हे आईंना आधीच सांगून ठेवा. नळाचं पाणी पिऊ नका. मेतकूट आणि पोहे न्या, हॉटेलात किटली असतेच.

कर्वेरोडकर
असं लावलं: शनि आराम, रवि स्पास-काझान-आयझॅक्स आणि रात्री पूल, सोम पीटरहोफ, मंगळ हर्मिटाज, बुध कॅथरीन आणि संध्याकाळी जनरल स्टाफ. गुरुवारी सकाळी सातची सप्सान.

नेव्हाकाठी
रविवारी रात्री दोनपर्यंत जागून सोमवारी अकराला कारंज्यांसमोर आई-बाबा उभे राहणार नाहीत. पूल मंगळवारी रात्री, बुधवारचं कॅथरीनचं तिकीट दुपारी एकनंतरचं. आणि गुरुवारची सातची सोडा, नऊनंतरची घ्या. हॉटेलचा नाश्ता सातला सुरू होतो आणि मोस्कोव्स्कीच्या दारात सामान यंत्रातून जातं, तिथे पंधरा-वीस मिनिटं धरा.